उघाडीच्या पलीकडे

आम्ही तिकडे गेलो ते फक्त आवाज टिपून आणायला. सकाळी वाशीहून निघालो, वडखळला मिसळ खाल्ली, पियूषनं गाडीत गाणी लावली होती. सहलीला निघाल्यासारखंच वाटत होतं. वाडीचं नाव मी सांगणार नाही. रेवदंड्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला, भातखाचरं आणि खारफुटीच्या मधे ती आहे, एवढं पुरे. तिथे अजून माणसं राहतात.

मी एका छोट्या गेम कंपनीत गोष्टी लिहिते. तेव्हा करत होतो त्या गेमचं नाव होतं ‘उधाण’. जग बुडालंय, समुद्र डोंगरांच्या कमरेपर्यंत चढलाय, आणि खेळणारा एका होडीतून उरलीसुरली माणसं शोधत हिंडतो. त्या बुडालेल्या किनाऱ्यावर एक जुना बांध तेवढा शिल्लक आहे. बांधाला उघाडी आहे, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देणारा दरवाजा. त्या उघाडीवर एक बाई उभी असते. होडी जवळ आली की विचारते, “कोण आहे बाहेर?” बस, एवढंच. आमचा प्रमुख सुजित म्हणाला, “बाई चांगली जमलीय, पण लोक तिच्यापाशी थांबत नाहीत. तिचं काहीतरी झालेलं असू दे.”

म्हणून मी तिची पूर्वकथा लिहिली. एका बैठकीत. जग बुडालं त्या दिवशी बाई उघाडीच्या चाकावर होती. तिचा नवरा अडकलेला ओंडका काढायला बांधाखालच्या मोरीतून पलीकडे, खाडीच्या बाजूला गेला होता. तो परतायच्या आत पाणी आलं. मागे अख्खी वाडी होती. बाईनं चाक फिरवून दरवाजाची फळी खाली सोडली. नवरा पलीकडून फळीवर ठोकत राहिला आणि ती चाक धरून उभी राहिली. पुढे वाडीही बुडाली. बांध आणि फळी सोडून काहीच वाचलं नाही, पण बाई तिथून हलली नाही.

सुजितनं वाचलं आणि म्हणाला, “आता थांबतील लोक.” मला फार बरं वाटलं.

पियूष आमचा आवाज टिपणारा. खऱ्या उघाडीचाच आवाज हवा आणि बाईचं बोलणंही तिथल्याच कुणाचं हवं, हा त्याचा हट्ट. रेवदंड्याचा रिक्षावाला दिपेश त्याच्या ओळखीचा होता. त्यानं आम्हाला नीराबाईंच्या दारात नेलं. वाडीची उघाडी त्यांच्या घरानं सांभाळायची ही जुनी रीत. घरात नवरा-बायको दोघंच, मुलगी पनवेलला दिलेली.

नवऱ्याचं नाव शिवदास. पन्नाशी उलटलेला, काळा, काटक माणूस, आणि तोंड म्हणून मिटायचं नाही. बांधावरून चालताना खेकड्याची बिळं दाखव, कुठल्या साली कुठे बांध फुटला ते सांग, मधेच मागे वळून बायकोला चिडव.

“बाय, हिचा आवाज घेताव ना? जपून घ्या. तुमचा मशीन फुटंल.”

“तुमी गप बसा जरा,” नीराबाई म्हणायची, पण पदराआड हसायची. तीस वर्षांच्या संसारानंतरही ती त्याच्या बोलण्यावर हसत होती. ते पाहून मला गंमत वाटली होती.

पौर्णिमा होती, त्यामुळे भर दुपारी भरती होती. उघाडीपाशी पोहोचलो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. वर गंजलेलं लोखंडी चाक, खाली दगडी मोरी, मोरीच्या तोंडावर फळी. आतल्या बाजूला शांत डबकं आणि त्यापलीकडे पोटरीला आलेलं भात. बाहेरच्या बाजूला खाडी. वारा अजिबात नव्हता. चिखलाचा आणि कुजलेल्या पानांचा वास असा दाटून होता की तोंड उघडलं तर जिभेवर बसेल. एवढ्या उन्हात एक बगळाही दिसत नव्हता.

पियूषनं माईक फळीजवळ सोडला. मी हेडफोन लावले. मी एकेक वाक्य सांगायचं आणि नीराबाईनं ते आपल्या बोलीत म्हणायचं, असं ठरलं होतं. त्याआधी मी तिला त्या बाईची गोष्ट सांगितली. ऐकताना तिचं हसू हळूहळू गेलं.

“असं इकरं कंदी झालं न्हाय,” ती म्हणाली. “कोनाच्या घरात न्हाय झालं.”

“नाही हो काकी. गोष्ट आहे. मी मनानं लिहिलीय.”

“मनानं…” ती चाकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं. सांग काय बोलू.”

शिवदासकाकांना पियूषनं बोटानं गप्प राहायची खूण केली. त्यांनी लहान मुलासारखा तोंडावर पंजा दाबून धरला. डोळे हसत होते.

नीराबाईनं चाकावर हात ठेवला, खाली पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कोन हाय भायेर?”

इतकं खरं म्हटलं तिनं. पाणी फळीला थपथपत होतं. मी पियूषला हातानंच ‘छान’ म्हणून खूण करणार होते.

ठक.

एखादं लाकूड आपटावं तसं. पियूषनं मान वर केली.

ठक… ठक.

आणि मग हेडफोनमधे, अगदी कानाशी, ओल्या घशातून आल्यासारखा आवाज. “नीरा… फळी उचल गं.”

तो शिवदासकाकांचा आवाज होता. मी वर पाहिलं. ते माझ्यासमोर उभे होते, हाताच्या अंतरावर. पंजा अजून तोंडावर तसाच, डोळे तसेच हसरे.

मी हेडफोन काढून टाकले. नीराबाईच्या कानाला हेडफोन नव्हतेच. तरी तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती नवऱ्याकडे बघायची, मग पाण्याकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे.

“काय झालं गं?” तोंडावरचा हात काढून काकांनी विचारलं.

“काय न्हाय,” ती म्हणाली. “ऊन लागलं.”

गाडीत पियूषनं मला ते सगळं परत ऐकवलं. थपथप, बुडबुडे, दोन-तीन ठोके. ओंडका असणार, तो म्हणाला. आवाज कुणाचाच नव्हता. मीही तेच धरून बसले. दिवसभर उन्हात, पोटात फक्त मिसळ, असं होतं माणसाला.

नीराबाईचा आवाज ऑफिसात सगळ्यांना आवडला. सुजितनं तिच्यासाठी संगीत बदललं. मी मात्र त्या दिवसांत कुठे टिकत नव्हते. बसले तर उठावंसं वाटायचं, उठले तर बसावंसं. आंघोळीला नळ सोडला की बंद करून ऐकत राहायचं.

आठवड्यानं नीराबाईचा फोन आला. पाठीमागे भांड्यांचा आवाज होता, म्हणजे स्वयंपाकघरातून, चोरून बोलत होती.

“बाय, तू त्याला किती येळ ठोकायला लावलंस?”

“कुणाला काकी?”

“तुज्या गोष्टीतल्याला. भरती आली का ठोकतो. मी चाकाशी गेले का बोलतो. म्हनतो, सरदी झाली, हातपाय गारठलं. माज्या घोवाचाच आवाज हाय, बाय. पन तो तर घरात बसलेला असतो.”

मी तिला समजावलं. लाटांचा आवाज असतो, मनाचे खेळ असतात, गोष्ट ऐकून तुम्ही घाबरलात. सगळं शहाण्यासारखं बोलले. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “मंग त्याला थांबव. लिव का तो दमला, गप झाला.”

मी हसले. काय करणार होते? “बरं, लिहिते,” म्हटलं आणि लिहिलं नाही.

अमावास्येच्या आदल्या दिवशी शिवदासकाकांचा फोन आला. मी आधी ओळखलंच नाही, इतके कमी शब्द.

“बाय, जरा येऊन जा. ती माझ्याशी धड बोलत न्हाय. माजा हात लागला तरी दचकते. सकाळी मना विचारते, तुमी कंदी आलाव? तुज्याशी बोलते ना ती. येऊन जा.”

पियूष यायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं अलिबाग, पुढे रेवदंडा, आणि दिपेशच्या रिक्षातून वाडीवर गेले. दिपेश वाटेत म्हणाला की नीराबाई दोन दिवस घरात ठरतच नाही, बांधावर येरझारा घालते. त्यानं मला बांधाच्या टोकाला सोडलं आणि रिक्षा वळवून ठेवली.

दुपार होती. उधाणाचं पाणी बांधाच्या कडेपर्यंत आलं होतं, गढूळ, फुगलेलं, जागच्या जागी हलणारं. नीराबाई चाकापाशी उभी होती. केस सुटलेले. काका तिच्यापासून जरा लांब उभे होते, घाबरलेल्या गुराजवळ जावं तसे.

“नीरा, घरी चल. बघ, ही बाय आली.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “ऐक,” म्हणाली.

मी ऐकलं. या वेळी हेडफोन नव्हते. फळीच्या पलीकडून, पाण्याखालून, ठोके येत होते. घाई नव्हती त्यात. आतला माणूस केव्हातरी उघडेलच, अशा खात्रीनं कुणी दार वाजवावं तसे.

“नीरा… किती दिस ठेवशील मना…”

“काका, तुम्हाला ऐकू येतंय?” मी विचारलं.

“काय?” ते म्हणाले. “पानी हाय. दुसरं काय?”

“भायेर माजा मानूस हाय,” नीराबाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. “मीच टाकला त्याला भायेर. मीच घेनार.”

“अगं, मंग मी कोन?”

नीराबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. पाहुण्याला दुखवायचं नसतं, तसं ती हळू म्हणाली, “तुमी पन हायेव.”

आणि तिनं चाक फिरवलं.

मी तिचा दंड धरला, पण ती मला ओढतच फिरली. फळी कुरकुरत वर आली आणि खालून पाणी असं घुसलं की बांध पायाखाली थरथरला. डबकं उसळलं, भाताच्या पहिल्या खाचरात खारं पाणी शिरलं. काका ओरडत धावले, “वाडी बुरंल गं!” त्यांनी चाक धरलं, ते उलटं फिरवायला लागले. ती सोडेना. झटापटीत त्यांचा पाय ओल्या दगडावरून घसरला आणि ते गेले. खाडीच्या बाजूला. पाण्यात.

एकदाच वर आले. माझ्याकडे नाही, बायकोकडे पाहिलं. मग मोरीच्या ओढीनं त्यांना खाली खेचलं.

माझी किंकाळी ऐकून शेतातली माणसं धावत आली. दोघातिघांनी नीराबाईला बाजूला केलं, चाक फिरवून फळी खाली आपटली. तेवढ्यात डबक्यात, आतल्या बाजूला, एक डोकं वर आलं.

“शिवदास! शिवदास हाय! आत आला!”

लोकांनी त्यांना बाहेर ओढलं. पालथं घातलं, पाठ चोळली, तोंडातून पाणी काढलं. श्वास होता. डोळे उघडे होते. मोरीतून जिवंत निघालेला माणूस कुणी पाहिला नव्हता. सगळे देवाचं नाव घ्यायला लागले. मीही रडायला लागले, हसायला लागले. नीराबाई त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसली आणि पदरानं चेहऱ्यावरचा चिखल पुसून म्हणाली, “आलाव?”

त्यांनी मान हलवली. बोलले नाहीत.

कुणीतरी साखळी आणली. चाकाला गुंडाळून कुलूप घातलं. खाऱ्या पाण्यानं भात जळालं तर वाडीनं खायचं काय, म्हणून एक म्हातारा नीराबाईच्या अंगावर ओरडत होता. तिचं लक्ष नव्हतं. तिनं मान वळवली होती, उघाडीकडे.

ठक.

फळीच्या पलीकडून. पण आता खात्री नव्हती त्या ठोक्यात. घाई होती. मुठीनं, कोपरानं, जसं जमेल तसं कुणीतरी मारत होतं.

“अगं ए… नीरा… अगं मी हाय ना! काय मस्करी करतेस… उघड गं… मना पोहता येतं म्हनून काय…”

तीच न थांबणारी बडबड. मधेच पाणी तोंडात जाऊन तुटणारी.

नीराबाईनं माझा हात धरला. नखं रुतली. “बाय,” ती कुजबुजली, “मी कोनाला आत घेतलं?”

ती उठून चाकाकडे धावली. तिला चौघांनी धरलं. ती साखळीवर हात आपटत होती, कुलूप ओढत होती, आणि लोक म्हणत होते, नवरा तर वाचला ना तुझा, समोर बसलाय, बघ. तो समोर बसला होता. ओला, स्वस्थ. तिच्याकडे बघत होता.

मी त्या माणसांना काय सांगणार होते? कुलूप काढा, म्हटलं. दोनदा म्हटलं. म्हाताऱ्यानं मला वाडीतून जायला सांगितलं.

शिवदासकाकांना अलिबागला इस्पितळात नेलं. छाती साफ होती, रक्तदाब ठीक होता. धक्का बसलाय, बोलतील हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. घरी सोडलं. एवढं मला दिपेशकडून कळत होतं. भरती आली की नीराबाई बांधावर जाऊन बसते, आणि फळीला तोंड लावून कुणाशीतरी बोलते, हेही त्यानंच सांगितलं.

मग तिचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता, इतका खोल गेला होता.

“बाय, हा जेवत न्हाय.”

“कोण?”

“आतला. आला त्या दिसापासून घास न्हाय घेतला. ताट समोर ठेवते, बघत बसतो. काय खायचं ता त्याला ठावकी न्हाय. तू लिवलंसच न्हाय. ठोकतो एवरंच लिवलंस.”

“काकी, डॉक्टरांना सांगा…”

“सांगून झालं. सुई लावली, पानी चढवलं. हाडं दिसाला लागली त्याची.” तिच्या मागे कुठेतरी गाय हंबरली. “भायेरच्याला आता कोन उघडनार? कुलूप हाय, राखन हाय. तो पन दमत आलाय. बोलतो, पन एक शब्द आज, एक उद्या. दोन्ही जातील माजी मानसं. एक तरी राहू दे. लिव, बाय.”

“मी काय लिहू?”

“मानूस खातो ता लिव. तांदळाची भाकर लिव.”

मी फोन ठेवला आणि खूप वेळ घरात फिरत राहिले. खिडकी उघडली, लावली. हे नुसतं एका खचलेल्या बाईचं समाधान आहे, असं स्वतःला सांगितलं. आणि तो बिचारा माणूस खरंच उपाशी मरत असेल तर? बायकोच्या मनात बसलेली गाठ सुटली तर तोही घास घेईल. मग मी ती गोष्ट उघडली आणि लिहिलं. बाईनं चूल पेटवली, तांदळाची भाकरी थापली, सुक्या जवळ्याचं कालवण केलं. नवरा ताटावर बसला. त्यानं भाकरी मोडली आणि पोटभर जेवला. साधी चार वाक्यं. कुणाला दाखवली नाहीत, कुणाला पाठवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर फोन वाजला.

“जेवला,” नीराबाई म्हणाली.

“खरंच?”

“भाकर मोरली. जवल्याचं कालवन केलं होतं. मना सुचलं, म्हून केलं. सगलं खाल्लं.”

तिचा श्वास ऐकू येत होता.

“आणि बाहेर, काकी?”

“भरती येऊन गेली,” ती म्हणाली. “बसले होते. हाका मारल्या. नाव घेऊन मारल्या.” तिचा आवाज फाटला. “काय न्हाय, बाय. नुसतं पानी.”

तेवढ्यात पलीकडे पावलं वाजली. ओल्या जमिनीवर अनवाणी पाय पडावेत तशी. फोन कुणीतरी तिच्या हातातून घेतला. अगदी सावकाश.

“बाय,” तो म्हणाला. मला ठाऊक असलेला तो हसरा, भरभर बोलणारा आवाजच होता, फक्त त्यातली घाई गेली होती. “जेवन चांगलं लिवलंस.”

मी फोन कानापासून लांब धरला.

“मीठ जरा कमी परलं.”